सांथीच्या दिवसांत अशक्त लेंकराचा वाढदिवस

(घरीं व मंडळींत अभ्यासण्यासाठीं एक पाठ)



ज्या घरांत नेहमी आजारी असणारें लेंकरूं आहे, त्या घरांत वाढदिवसाचा दिवस दोन तऱ्हांनीं उगवतो. आईबापांस आनंद होतो, कारण आणखी एक वर्ष पदरांत पडलें. आणि त्याच वेळीं मनांत धडकीहि भरते, कारण पुढचें वर्ष कसें जाईल हें ठाऊक नसतें. अशांत गांवांत सांथीचा रोग शिरला म्हणजे तिसरी अडचण उभी राहते. जे लोक प्रेमानें भेटावयास येतात तेच, नकळत, लेंकराचा घात करूं शकतात. तेव्हां त्या दिवशीं आईबापांनीं काय करावें, व मंडळीनें कसें वागावें? हाच आजचा पाठ आहे. तो मला सेमिनरींत कोणीं शिकविला नाहीं. तो मी एका घराच्या फाटकाबाहेर उभा राहून शिकलों, आणि प्रथम तो मला रुचला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

१. फाटकाबाहेरचे बारा जण

गोष्ट ऑक्टोबर २०२० मधील आहे. त्या वर्षीं मार्चच्या ९ तारखेस पुण्यांत आपल्या राज्यांतले कोरोनाचे पहिले रोगी सांपडले, ११ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेनें ही सर्व जगावरची सांथ आहे असें जाहीर केलें, आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली. राज्यांतील उपासनामंदिरें बंद झालीं, तीं १६ नोव्हेंबरपर्यंत उघडलीं नाहींत. ऑक्टोबरांत मात्र रस्ते खुले झाले होते, बाजार भरूं लागले होते, आणि कित्येक महिने एकत्र न बसलेले लोक एकमेकांच्या भेटीसाठीं आसुसले होते.

विदर्भांतील एका लहान गांवीं आपल्या मंडळीचें एक घर आहे. त्या घरच्या मुलीला सहा वर्षें पुरीं होणार होतीं. तिला सिकलसेलचा आजार. सहा वर्षांत ती कितीदां तरी मरणाच्या दारांतून परत आली होती. म्हणून आम्हीं ठरविलें कीं, या वाढदिवशीं तिच्या घरीं जाऊन उपकारस्तुति करावी. मी, गांवचे उपदेशक, तरुण संघांतले चौघे, कांहीं वडील मंडळी व बाया, असे बारा जण निघालों. बरोबर ढोलकी होती, टाळ होते, तालुक्याहून आणलेला केक होता, झेंडूचा हार होता. मुलीला खांद्यावर घेऊन गल्लींतून मिरवावयाचें एका तरुणानें कबूल केलें होतें.

आम्ही पोहोंचलों तों फाटक लावलेलें. आई आंतल्या बाजूस नाकातोंडावर पदर बांधून उभी होती. ती म्हणाली, “सलाम, पाळकसाहेब. रागावूं नका. पण आज कोणीहि आंत येऊं नका.”

मी म्हणालों, “बाई, आम्ही काय परके आहोंत? प्रार्थना करून दहा मिनिटांत जाऊं.”

ती म्हणाली, “परके असतां तर मला इतकें जड गेलें नसतें. दहा मिनिटांत काय होतें, तें मला दवाखान्यांत सांगितलें आहे. तुम्ही तेथूनच प्रार्थना करा. ती ओसरीवर बसून ऐकेल.”

खरें सांगावयाचें तर मला राग आला. बारा माणसांदेखत मंडळीच्या पाळकाला फाटकावर थांबविलें! आमच्यांतला एक म्हातारा तर माघारी वळला व म्हणाला, “माझ्या बापाला दुकानदार असाच बाहेर उभा करी.” मग कोणास कांहीं बोलवेना. इतक्यांत एका वृद्ध बाईनें आपल्या हातांतलें झांकलेलें खिरीचें पातेलें फाटकाजवळच्या दगडावर ठेविलें, ती दहा पावलें मागें आली, आणि दोन्ही हात उंच करून तिनें मुलीला हांक मारली. मुलगी ओसरीच्या कांठाशीं आली व बोट दाखवून आम्हांस मोजूं लागली. एक, दोन, तीन करीत ती शेवटास पोहोंचली आणि ओरडली, “आई, माझ्यासाठीं बारा माणसें आलीं!”

तिच्या मागें तिची आजी बसली होती. परगांवची आजी आंत, आणि पाळक बाहेर, हें मला आणखीच खटकलें. मागाहून कळलें कीं, ती म्हातारी वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधींच येऊन शेतांतल्या खोपींत एकटी राहिली होती. घरचे लोक भाकरी बांधावर ठेवीत, आणि ते दूर गेल्यावर ती उचलून घेई. चवदा दिवस झाले, ताप आला नाहीं, खोकला आला नाहीं, तेव्हां कोठें तिनें नातीला मांडीवर घेतलें.

आम्हीं बाहेरूनच प्रार्थना केली. गीत म्हटलें नाहीं; ढोलकी तेवढी वाजविली, आणि मुलगी ओसरीवर नाचली. तिसऱ्या दिवशीं, तिला खांद्यावर घेणार होता त्याच तरुणास ताप भरला व तपासणींत कोरोना निघाला. पुढें आमच्यांतल्या आणखी दोघांस निघाला. देवाच्या दयेनें तिघेहि बरे झाले. आम्ही त्या दिवशीं आंत गेलों असतों तर काय झालें असतें, हें एक देवच जाणे. मी बरा आहें अशी खात्री झाल्यावर त्या फाटकाशीं पुन्हा गेलों. या वेळीं त्या आईची क्षमा मागावयास गेलों होतों.

२. मुलीचें दुखणें काय होतें

उपदेशकांनीं हें नीट समजून घ्यावें, कारण असलीं मुलें पुष्कळ गांवीं आहेत.

आपल्या रक्तांत असंख्य तांबड्या पेशी असतात. त्या वाटोळ्या व मऊ असून बारीक शिरांतूनहि सहज वांकून जातात, आणि फुप्फुसांतला प्राणवायु सर्व अंगास पोंचवितात. सिकलसेल झालेल्या मुलाच्या पेशी प्राणवायु कमी पडला कीं विळ्यासारख्या वांकड्या व ताठ होतात. इंग्रजींत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. अशा पेशी बारीक शिरांत अडकून बसतात, आणि जेथें अडकतात तेथें असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही वांकडी पेशी दहा ते वीस दिवसांत नाश पावते. म्हणून अंगांत रक्त कमी राहतें, व कधीं कधीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. शिवाय रोगजंतूंशीं झुंजणारी पाणथरी, जिला वैद्य प्लीहा म्हणतात, ती अशा मुलांत लहानपणींच निकामी होत जाते. यास्तव दुसऱ्या मुलाचा साधा ताप या मुलाला साधा नसतो. ताप येतांच, रात्र झाली म्हणून न थांबतां, दवाखाना गांठावा लागतो.

हा रोग शिवल्यानें होत नाहीं, एका ताटांत जेवल्यानें होत नाहीं. तो जन्माबरोबर येतो. आई व बाप दोघेहि त्याचे वाहक असले, म्हणजे प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः बहुधा निरोगी दिसतो, म्हणून आईबापांस मूल होईपर्यंत पत्ताहि नसतो. १९१० सालीं शिकागो येथील जेम्स हेरिक या डॉक्टरांनीं या वांकड्या पेशींचें पहिलें वर्णन छापलें. आपल्याकडे पूर्व विदर्भ, गडचिरोली व नंदुरबार या भागांत हा आजार विशेष आढळतो. केंद्र सरकारनें ता. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून याच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली असून, तींत सात कोटि लोकांची रक्ततपासणी करण्याचा संकल्प त्या वेळीं केला होता. लग्न ठरण्यापूर्वीं मुलामुलींनीं ही तपासणी करून घ्यावी, असें उपदेशकांनीं उघडपणें सांगत जावें.

‘कोणाच्या पापामुळें हें झालें?’ असें कोणी विचारील. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूनें त्या मनुष्यावरहि दोष ठेविला नाहीं व त्याच्या आईबापांवरहि नाहीं. तेवढें उत्तर आपणांस पुरे आहे.

आतां कोरोना फुप्फुसांत शिरणारा रोग. बहुतेक लहान मुलांस तो सौम्य झाला, ही गोष्ट खरी. परंतु सिकलसेलच्या मुलाचीं फुप्फुसें दुखावलीं कीं प्राणवायु कमी पडतो. प्राणवायु कमी पडला कीं पेशी वांकतात. पेशी फुप्फुसांतच अडकल्या कीं प्राणवायु आणखी कमी पडतो. असें हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे थांबविणें कठीण. त्या आईला दवाखान्यांत सांगितलें होतें तें हेंच.

३. हा रोग घरांत शिरतो कसा

आरंभीं लोक भाजी धूत बसले, दाराच्या कड्या पुसत बसले. पुढें विद्वानांच्या ध्यानांत आलें कीं, हा रोग मुख्यतः श्वासाबरोबर जातो. माणूस बोलतो, खोकतो, गातो, तेव्हां थुंकीचे अतिसूक्ष्म कण हवेंत उडतात. बंद खोलींत ते बराच वेळ तरंगत राहतात. आणखी कठीण गोष्ट ही कीं, ताप येण्याच्या एक दोन दिवस आधींपासूनच माणूस दुसऱ्यास रोग देऊं शकतो. तो तरुण आमच्याबरोबर हंसतखेळत चालत आला होता. त्याला पाहून कोणासहि शंका आली नसती.

गाणाऱ्या मंडळीनें एक उदाहरण विसरूं नये. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत माउंट व्हर्नन म्हणून एक गांव आहे. तेथें ता. १० मार्च २०२० रोजीं एका गायकसंघाचे ६१ जण सुमारें अडीच तास सरावासाठीं जमले. त्यांपैकीं एकास आधींच सर्दीसारखीं लक्षणें होतीं. त्या एका संध्याकाळीं ५३ जण आजारी पडले, आणि दोघांस मरण आलें. ते लोक वाईट नव्हते व निष्काळजीहि नव्हते. ते गावयास जमले होते, इतकेंच.

मग त्या छोट्याशा ओसरीवर ढोलकीच्या तालावर बारा जण गाऊं लागले असते, तर त्या आईला भय कां वाटूं नये?

४. अंतर आणि विटाळ

तो म्हातारा माघारी वळला, त्याचें दुःख मी हलकें मानीत नाहीं. आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या पाठीशीं हा इतिहास आहे. आपल्या आजापणजांस विहिरीपाशीं दूर उभें केलें, दुकानदारानें वरून जिन्नस टाकला, चहाची कपबशी वेगळी ठेविली. ता. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, तरी तिची आठवण अंगांत राहते. म्हणून ‘दूर राहा’ हा शब्द कानीं पडतांच आपलें मन दुखावतें. टाळेबंदींत जिकडेतिकडे ‘सामाजिक अंतर’ असा शब्द निघाला, तेव्हां अनेकांनीं त्यास हरकत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २० मार्च २०२० पासून ‘शारीरिक अंतर’ असें म्हणावें असें सुचविलें. ती दुरुस्ती योग्य होती.

परंतु दोन अंतरांमधला भेद आपण नीट ओळखावा.

विटाळाच्या अंतरांत बलवान मनुष्य दुर्बळास दूर ठेवितो. सांथीच्या अंतरांत बलवान मनुष्य दुर्बळासाठीं स्वतः दूर राहतो.

विटाळाचें अंतर एकाच कुळावर पडतें. सांथीचें अंतर पाळकावर, सावकारावर, आजीवर, सर्वांवर सारखें पडतें.

विटाळाच्या अंतराला शेवट नसतो. तें बापाकडून मुलाकडे जातें. सांथीच्या अंतराला दिवस मोजलेले असतात. लेवीयाच्या तेराव्या अध्यायांत याजक रोग्यास सात दिवस वेगळें ठेवितो, मग स्वतः जाऊन पाहतो, जरूर पडल्यास आणखी सात दिवस थांबतो, आणि बरा असल्यास त्याला घरीं पाठवितो. आजीनेंहि चवदा दिवस मोजले, आणि पंधराव्या दिवशीं नात तिच्या मांडीवर होती.

कोणी म्हणेल, ‘विश्वास असेल तर भीति कशाला? प्रभूनें तर महारोग्यास हात लाविला.’ होय, लाविला. त्याच्या हातांत आरोग्य होतें. आपल्या हातांत रोग असूं शकतो. आणि त्याच प्रभूनें शताधिपतीच्या चाकराला त्याच्या घरांत न जातां दुरूनच बरें केलें, हेंहि लूकाच्या सातव्या अध्यायांत वाचावें. दूर राहिल्यानें त्याचें प्रेम उणें झालें नाहीं.

सेवेसाठीं रोग्याजवळ जावें लागतें, तेथें जाणें हें मोठें धैर्याचें काम आहे. पुण्याच्या प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत राहिल्या व त्याच रोगानें ता. १० मार्च १८९७ रोजीं मरण पावल्या. त्यांनीं धोका स्वतःवर घेतला. आम्ही त्या फाटकांतून आंत शिरलों असतों तर आम्हीं तो दुसऱ्याच्या लेंकरावर घातला असता. धैर्य व आगळीक यांतला फरक इतकाच आहे.

५. शास्त्रांतले दोन वाढदिवस आणि एक अंगरखा

पवित्र शास्त्रांत वाढदिवसाच्या मेजवानीचीं दोन वर्णनें ठळक आहेत: उत्पत्तीच्या चाळिसाव्या अध्यायांत फारोची, व मार्काच्या सहाव्या अध्यायांत हेरोदाची. दोन्ही दिवशीं एकेका मनुष्याचा जीव गेला. हेरोदाचा प्रसंग विशेष विचार करण्यासारखा आहे. योहानाला मारावें असें त्याला वाटत नव्हतें. परंतु पंक्तीस बसलेल्या पाहुण्यांपुढें शब्द फिरवावयाची त्याला लाज वाटली. पाहुण्यांच्या लाजेस्तव जीव गेला!

आपल्या गांवांतहि हें घडतें. ‘लोक काय म्हणतील, पाळक आले आणि दार उघडलें नाहीं,’ म्हणून आई दार उघडते. ‘नातेवाईक रुसतील’ म्हणून बाप खोकणाऱ्या पाहुण्याच्या मांडीवर मूल देतो. ज्या आईनें माझ्यासारख्याला तोंडावर ‘नाहीं’ म्हटलें, तिनें लाजेपेक्षां लेंकराचा जीव मोठा मानिला. त्या दिवशीं तीच आमची शिक्षिका होती.

याच्या उलट हन्नेची गोष्ट पाहा. तिचें लेंकरूं शमुवेल तिच्यापासून दूर शिलो येथें राहत असे. ती दर वर्षीं त्याच्यासाठीं एक लहानसा अंगरखा शिवून नेई. यंदा मूल केवढें झालें असेल, बाही किती लांब करावी, हें ती घरीं बसून मनानें मापीत असेल. दूर असलेल्या लेंकराचें वर्ष मोजण्याची ही किती सुंदर रीत! वाढदिवस म्हणजे मुळांत हेंच होय: कोणीतरी तुझें वर्ष मोजीत आहे, हें लेंकरास कळणें.

म्हणूनच, ‘आजारी मुलाचीं वर्षें मोजूं नयेत, दृष्ट लागते,’ ही जी समजूत आपल्यांत अजून रेंगाळते, ती टाकून द्यावी. कित्येक आईबाप अशा मुलाचा वाढदिवस चोरून करितात, किंवा मुळींच करीत नाहींत. भावाचा वाढदिवस होतो व आपला होत नाहीं, हें लेंकराच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. तें स्वतःशीं काय समजत असेल? दृष्टीपेक्षां ती समजूत अधिक घातक आहे.

६. दिवस साजरा कसा करावा

पहिली गोष्ट, आधीं आईबापांस विचारावें. किती जण यावे, कोठें उभें राहावें, काय आणावें, हें तीं ठरवितील. त्यांनीं ‘नको’ म्हटलें तर तें रुसव्याचें कारण नव्हे.

दुसरी गोष्ट, ज्यास ताप, खोकला, सर्दी आहे, किंवा ज्याच्या घरांत कोणी आजारी आहे, त्यानें घरींच राहून निरोप पाठवावा. न जाणें हीच त्या दिवशीं त्याची भेट समजावी.

तिसरी गोष्ट, उघड्यावर जमावें. अंगण, खळें, झाडाची सावली, सर्व चांगलीं. बंद खोली नको. नाकातोंडावर पट्टी असावी, मधें निदान चार हात अंतर असावें, आणि थोडक्यांत आटपावें. गावयाचें झाल्यास लांब उभें राहून गावें. नाहीं तर वाद्यें आहेतच. २०२० सालीं अमेरिकेंत अनेक ठिकाणीं शेजारी व आप्त मोटारींची रांग करून आजारी मुलाच्या घरावरून भोंगे वाजवीत व फलक दाखवीत गेले. आपल्याकडे मोटारी नसल्या तर सायकली आहेत, बैलांच्या गळ्यांत घुंगूर आहेत. मुलाला मोजतां येतील इतकीं माणसें समोरून जाऊं द्यावीं.

चौथी गोष्ट, केकवर मेणबत्त्या फुंकण्याची चाल अशा घरीं नसलेली बरी. अमेरिकेंतील क्लेमसन विद्यापीठांत झालेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, फुंकर मारल्यानें वरच्या थरावरील जंतु सरासरीनें चवदापट झालेले आढळले. ते बहुतेक निरुपद्रवी असतात. तथापि सांथींत दहा मुलांनीं एका केकवर फुंकर घालण्याचें कारण काय? दिवा लावावा व तो तेवत राहूं द्यावा. घरीं केलेली खीर वेगवेगळ्या वाट्यांत द्यावी.

पांचवी गोष्ट, मुलाचें शरीर सांभाळावें. सिकलसेलच्या मुलाला थंडी, फार दमणूक व अंगांतलें पाणी कमी होणें हीं तिन्ही बाधतात. त्या दिवशीं कौतुकाच्या भरांत तें पाणी पिणें विसरतें, ऊन्हांत धांवतें, गार पाण्यानें भिजतें. आईनें पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा व दुपारीं निजवावें. ताप पाहण्याची नळी, औषधें, दवाखान्याचे कागद व गाडीवाल्याचा नंबर एका पिशवींत तयार असावा.

सहावी गोष्ट, भेट कसली द्यावी? सर्वांत मोलाची भेट रक्ताची. टाळेबंदींत शिबिरें बंद पडलीं व रक्तपेढ्यांत रक्ताचा तुटवडा झाला. तेव्हां अशा मुलांच्या आईबापांनीं दारोदार हिंडून रक्त मिळविलें. अठरा वर्षांवरील, निदान ४५ किलो वजनाच्या निरोगी माणसास रक्त देतां येतें. पुरुषास तीन महिन्यांनीं व स्त्रीस चार महिन्यांनीं पुन्हा देतां येतें. मंडळींतल्या तरुणांनीं अशा मुलाच्या वाढदिवसाच्या महिन्यांत रक्त द्यावें, आणि तें मुलाला सांगावें. बाहेर उभे राहिलेले लोक अशा रीतीनें त्याच्या अगदीं जवळ जातात.

७. लेंकराशीं काय बोलावें

सहा वर्षांच्या मुलाला सर्व समजतें, फक्त त्याचा अर्थ तें आपल्या परीनें लावतें. ‘तूं आजारी आहेस म्हणून कोणी आंत येत नाहीं,’ असें म्हटलें तर तें समजतें कीं, आपण वाईट आहों. त्याऐवजीं असें सांगावें: ‘एक रोग गांवांत फिरतो आहे. तो तुझ्या घरीं येऊं नये म्हणून हे सारे लोक बाहेर पहारा देत उभे आहेत.’ त्या मुलीनें बारा माणसें मोजलीं, तीं पहारेकरी म्हणूनच मोजलीं.

तिच्यादेखत ‘बिचारी’ म्हणूं नये. ‘पुढचा वाढदिवस पाहावयास मिळो’ असें सुस्काऱ्यानें म्हणूं नये. तिच्या भावंडांसहि विसरूं नये. बहिणीसाठीं जो भाऊ कित्येक महिने खेळावयास गेला नाहीं, त्याला त्या दिवशीं खिरीची पहिली वाटी द्यावी, व त्यानें काय केलें तें सर्वांसमक्ष सांगावें. आणि आईला एक प्रश्न अवश्य विचारावा, ‘बाई, तुम्ही कशा आहां?’ अशा घरीं सर्व जण मुलाची चौकशी करितात. आईची कोणी करीत नाहीं.

ता. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. पण गोवर आहे, फ्लू आहे, पावसाळ्यांतले ताप आहेत, आणि अशीं लेंकरें आपल्या गांवांत आहेतच. त्या मुलीचे पुढचेहि वाढदिवस आले. हल्लीं आम्ही फाटकांतून आंत जातों, ओसरीवर बसतों, गातों. मात्र फाटकाशीं मी अजून थांबतों, आणि आंतून हांक आल्यावरच पाऊल टाकितों. तो म्हातारा आतां हयात नाहीं. परंतु दुसऱ्या वर्षीं तो आमच्याबरोबर आला होता, आणि आधींच आईला विचारून बसला होता कीं, ‘मुली, मला थोडा खोकला आहे, मी दगडावरच बसूं काय?’

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत सतत आजारी असणारीं मुलें कोणत्या घरीं आहेत? त्यांचे वाढदिवस आपणांस ठाऊक आहेत काय?

२. ‘लोक काय म्हणतील’ या भयानें आपण कोणाच्या जिवास धोका होईल असें कधीं वागलों काय?

३. विटाळाचें अंतर व सांथीचें अंतर यांतला भेद आपल्या शब्दांत सांगा. सांथीचें निमित्त करून कोणी विटाळ पाळूं लागला, तर तें कसें ओळखावें?

४. मंडळींतले कोणकोण रक्त देऊं शकतील? त्यांचीं नांवें आजच लिहून ठेवा.

५. पुढील वाढदिवशीं त्या लेंकराला मोजावयास आपण किती जण उभे राहूं?